वाटांचे जाळे आणि वृक्ष

पावसाळ्यातील एक दिवस मला अजून स्पष्ट आठवतो. मी तेव्हा अर्धापूरच्या परिसरातील एका शाळेत मुख्याध्यापक होतो. दुपारी तीनच्या सुमारास आभाळ असे दाटून आले की, वर्गातील फळ्यावरची अक्षरे दिसेनाशी झाली आणि तासाभरात शाळेजवळच्या नाल्याला पूर आला. नाल्यावरचा पूल ठेंगणा होता. पाणी त्याच्यावरून वाहू लागले. पलीकडच्या एका वस्तीतून आमच्याकडे सतरा मुले येत असत. ती त्या सायंकाळी शाळेतच अडकून पडली. गावातील आयाबायांनी पिठले-भाकरी आणून दिली, वीज गेली म्हणून कोणी कंदील आणला. मुले धीराची होती, परंतु सहावीतील एक मुलगी राहून राहून विचारीत होती, "गुरुजी, दुसऱ्या वाटेने नाही का जाता येणार?"

तिची समजूत घालावी म्हणून मी खडू घेतला आणि फळ्यावर ठिपके काढले. एक ठिपका शाळेचा, एक अर्धापूरचा, एक फाट्याचा, एक तिच्या वस्तीचा, बाकीचे आजूबाजूच्या गावांचे. ज्या दोन ठिकाणांमध्ये थेट वाट होती, त्यांचे ठिपके मी रेघेने जोडले. काही ठिपक्यांना चार-चार रेघा आल्या, काहींना दोन. मुलगी बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "आमच्या वस्तीला तर एकच रेघ आहे."

एवढे साधे चित्र. परंतु गणितज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ ज्याला 'आलेख' म्हणतात, तो हाच. तुम्ही चौकटीच्या कागदावर तापमानाचा किंवा पर्जन्यमानाचा जो आलेख काढता, तो निराळा. नाव एकच असले, तरी ह्या दोघांचा काही संबंध नाही. येथे आलेख म्हणजे काही बिंदू आणि त्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषा. ह्या रेषांना 'कडा' असे म्हणतात. बिंदू म्हणजे गाव असेल, मनुष्य असेल, किंवा आगगाडीचे स्थानक असेल. कड म्हणजे त्या दोहोंमधील काही संबंध. वाट वळणाची आहे की सरळ, चढाची आहे की उताराची, हे आलेख विचारीत नाही. कोण कोणाशी जोडलेला आहे, एवढेच तो सांगतो. म्हणून एकच आलेख दहा मुलांनी दहा तऱ्हांनी काढला, तरी जोडण्या सारख्याच असतील तर तो एकच आलेख होय. चित्रकलेत ज्याचा हात बसलेला नाही, त्यालाही हे शास्त्र आनंदाने शिकता येते!

ह्या विचाराची सुरुवात एका कोड्यातून झाली. युरोपात प्रेगेल नदीच्या काठी क्योनिग्सबर्ग नावाचे नगर होते. आज ते कालिनिनग्राड ह्या नावाने रशियात आहे. नदीमुळे नगराचे चार भाग पडले होते आणि त्यांना सात पूल जोडीत असत. नगरवासीयांपुढे प्रश्न असा होता की, घरातून निघून प्रत्येक पूल एकदा आणि एकदाच ओलांडता येईल काय? पुष्कळांनी फिरून पाहिले. कोणाला जमले नाही. लिओनार्ड ऑयलर हा थोर गणितज्ञ मात्र एकही पूल न ओलांडता उत्तरापर्यंत पोहोचला. त्याचा ह्यावरील निबंध इ. स. १७३६ चा म्हणून प्रसिद्ध आहे.

त्याची विचारसरणी तुम्हांसही सहज कळेल. जमिनीच्या एखाद्या भागात आपण एका पुलाने शिरतो आणि दुसऱ्या पुलाने बाहेर पडतो. म्हणजे तेथील पूल जोडीजोडीने खर्च होतात. तेव्हा त्या भागाला लागलेल्या पुलांची संख्या सम असावयास पाहिजे. जेथून फेरी सुरू होते आणि जेथे ती संपते, अशा दोनच ठिकाणी ती विषम असली तर चालेल. परंतु क्योनिग्सबर्गच्या बेटाला पाच पूल आणि उरलेल्या तिन्ही भागांना तीन-तीन पूल लागले होते. चारही संख्या विषम! तेव्हा अशी फेरी अशक्य. पाटीवर हात न उचलता आकृती गिरवण्याचा खेळ तुम्ही खेळला असाल. त्या खेळाचे मर्मही हेच आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मराठवाड्यातील लोहमार्गांचा नकाशा समोर ठेवा आणि जेथे मार्ग फुटतात तेवढी स्थानके ठिपक्यांनी दाखवा. पूर्णा येथून एक मार्ग परभणीकडे, एक नांदेडकडे आणि एक हिंगोलीवरून अकोल्याकडे जातो. म्हणजे पूर्णेच्या ठिपक्याला तीन कडा. परभणीहून एक फाटा जालन्याकडे, तर एक परळी वैजनाथकडे जातो. परळीहून पुढे लातूर रोड. तेथून एक कड लातूरकडे, दुसरी उदगीर-बिदरकडे. इकडे नांदेडच्या पुढे मुदखेडला पुन्हा दोन वाटा फुटतात : एक भोकर-किनवटवरून आदिलाबादला, दुसरी धर्माबादवरून निजामाबादला. अर्धापूरकराने नांदेडला गाडी पकडली की तो ह्या सगळ्या जाळ्यात शिरला.

नांदेडहून परभणीला जावयाचे, तर पूर्णेवरून जाणे हा सरळ मार्ग. परंतु समजा, पूर्णेजवळ रूळ उखडले. तरीही परभणी तुटत नाही. मुदखेड, निजामाबाद, सिकंदराबाद, विकाराबाद, बिदर, उदगीर, लातूर रोड, परळी असा भला मोठा वळसा घालून गाडी परभणीस पोहोचू शकेल. जेथून निघालो तेथेच, कोणतीही कड दुसऱ्यांदा न चालता, परत येता येते, अशा फेरीला 'चक्र' म्हणतात. नांदेड-पूर्णा-परभणी-परळी-बिदर-सिकंदराबाद-निजामाबाद-मुदखेड-नांदेड हे असेच एक विशाल चक्र आहे.

आलेखातील एखादी कड किती मोलाची असते, हे लातूरकरांनी इ. स. २०१६ मध्ये पाहिले. त्या वर्षीच्या दुष्काळात लातूर शहराला पाणी पुरविणारे मांजरा धरण कोरडे पडले. तेव्हा कृष्णेचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावयाचे ठरले. १२ एप्रिल २०१६ रोजी दहा वाघिणींची पहिली गाडी लातूरला आली. प्रत्येक वाघिणीत सुमारे पन्नास हजार लीटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर अशी ही सुमारे ३४० किलोमीटरची वाट. हा मार्ग बव्हंशी पूर्वी 'बार्शी लाइट रेल्वे'चा अरुंद मार्ग होता. त्यावरून मोठ्या मापाच्या वाघिणी धावूच शकल्या नसत्या. तो मार्ग रुंद झालेला होता, म्हणून मिरज आणि लातूर हे दोन बिंदू त्या उन्हाळ्यात खऱ्या अर्थाने जोडलेले होते.

आता दुसऱ्या प्रकारच्या आकृतीकडे वळू. अर्धापूरच्या केळीचे नाव दूरवर गेलेले आहे. ही केळी पोसतात ती बव्हंशी पाण्यावर, आणि ह्या भागातील पुष्कळ शेतांना ते पाणी पैनगंगेवरील इसापूर धरणाच्या कालव्याने मिळते. कालव्याच्या काठाने कधी चाललात, तर त्याची रचना ध्यानात येईल. मुख्य कालव्यातून वितरिका निघतात, वितरिकेतून लघुवितरिका, तिच्यातून चारी, आणि चारीतून पाणी शेताच्या सऱ्यांत शिरते. ठिपके आणि रेघा काढून पाहा. धरण वर, शेते खाली, मधल्या प्रत्येक दरवाजापाशी एक फाटा. एकदा खाली फुटलेली धार पुन्हा वर येऊन दुसरीला मिळत नाही. येथे कोठेही चक्र नाही. ज्या आलेखात सर्व बिंदू जोडलेले आहेत, पण एकही चक्र नाही, त्याला 'वृक्ष' म्हणतात. जेथून आरंभ होतो तो बिंदू म्हणजे 'मूळ', आणि ज्यांच्यापुढे काही फुटत नाही ते बिंदू म्हणजे 'पाने'. संगणकशास्त्रज्ञ मात्र आपला वृक्ष उलटा काढतात. त्यांचे मूळ आकाशात आणि पाने जमिनीकडे! कालव्याच्या बाबतीत ही तऱ्हा बरोबरच शोभते. धरण उंचावर आणि शेते उताराला.

वृक्षाचा एक गुण असा की, त्यातील कोणत्याही दोन बिंदूंमध्ये एकच वाट असते. धरणातून तुमच्या मळ्यापर्यंत पाणी यावयाचे, तर ते त्या एकाच वाटेने यावयाचे. ह्या गुणातच त्याचा दोषही दडलेला आहे. वर कोठे वितरिका फुटली, की तिच्याखालचे प्रत्येक शेत कोरडे. तेथून फार दूर असलेल्या शेतकऱ्याचा त्यात काही अपराध नसतो. पण पान फांदीला धरून असते आणि फांदी तुटलेली असते. ज्यांची जमीन अगदी 'टेल'ला, म्हणजे चारीच्या शेवटाला असते, त्यांना पाण्याची पाळी येईपर्यंत जीव मुठीत धरून बसावे लागते. वैशाखात केळीची पाने पिवळी पडू लागली म्हणजे घरातील माणसांच्या तोंडचे पाणी पळते. हे तुमच्यापैकी काहींनी आपल्या घरीच पाहिले असेल.

जी कड काढली असता आलेखाचे दोन तुकडे होतात, तिला 'सेतू' असे म्हणतात. चक्रातील कोणतीही कड सेतू नसते, कारण दुसऱ्या बाजूने वळसा घालता येतो. वृक्षातील मात्र प्रत्येक कड सेतू असते. आमच्या शाळेतील त्या सतरा मुलांच्या वस्तीची रेघ अशीच होती. पुढे काही वर्षांनी त्या वस्तीपासून शेजारच्या गावापर्यंत एक कच्ची वाट झाली, तिच्यावर मुरूम पडला, आणि नाल्याला पूर आला तरी मुले दीड तास चालून का होईना, पण घरी पोहोचू लागली.

तुम्ही विचाराल, वृक्ष इतका नाजूक, तर मग माणसे त्याचा उपयोग का करतात? कारण तो स्वस्त आहे. एका गावी वीज आहे असे समजा. दुसऱ्या गावी ती न्यावयाची, तर तारेची एक ओळ पुरते. तिसऱ्यासाठी आणखी एक. प्रत्येक नव्या गावाला एकच नवी कड. म्हणून दहा गावे जोडण्यास नऊ कडा पुरतात. आठ कडांत एखादे गाव अंधारात राहील, आणि दहावी कड टाकली की कोठे ना कोठे चक्र तयार होईलच.

परंतु कोणत्या नऊ? चार गावे वृक्षाने जोडण्याच्या किती तऱ्हा असतील, ते वहीत काढून पाहा. नीट मोजले तर सोळा येतील. पाच गावांना एकशेपंचवीस. आर्थर केली ह्या इंग्रज गणितज्ञाने इ. स. १८८९ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे दहा गावांना जोडण्याच्या तऱ्हा होतात दहा कोटी! गणितात 'वृक्ष' हा शब्द आणला तोही ह्याच गृहस्थाने, १८५७ साली. केलीचे वृक्ष आणि अर्धापूरच्या केळीची झाडे ह्यांत तुम्ही गल्लत करू नये म्हणून एवढे सांगून ठेवतो की, वनस्पतिशास्त्राप्रमाणे केळ हे मुळी झाडच नव्हे.

दहा कोटी तऱ्हा एकेक तपासणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. हा प्रश्न मोराव्हिया प्रांतात खरोखरच उभा राहिला. आज तो प्रांत चेक प्रजासत्ताकात आहे. तेथे गावोगाव वीज न्यावयाची होती, आणि तार कमीत कमी लागावी अशी इच्छा होती. ओटाकार बोरूव्हका ह्या तरुण गणितज्ञाने इ. स. १९२६ मध्ये त्याची रीत शोधून काढली. पुढे १९५६ मध्ये जोसेफ क्रस्कल ह्या अमेरिकन गणितज्ञाने सांगितलेली रीत तर अगदी सुटसुटीत आहे. सर्व संभाव्य कडांपैकी सर्वांत आखूड कड आधी घ्यावी, मग तिच्याहून थोडी मोठी, मग त्याहून मोठी. मात्र जी कड घेतल्याने चक्र होईल, ती सोडून द्यावी. सगळी गावे जोडली गेली, की थांबावे. असा जो वृक्ष मिळतो, त्याहून कमी तारेचा वृक्ष कोणालाच काढता येत नाही. लोभी माणसाप्रमाणे दरवेळी समोरचा स्वस्त तुकडा उचलावा आणि शेवटी हिशेब अगदी योग्य यावा, हे थोडे नवलाचेच. व्यवहारात असे क्वचित घडते.

वृक्षाची आणखी एक ओळख तुम्हांस घरीच झालेली आहे. मूळ पुरुषापासून निघून मुलगे, नातू, पणतू असे उतरत येणारे जे चित्र असते, त्याला आपण 'वंशवृक्ष' म्हणतो ते योग्यच आहे. मात्र त्यात मुली आणि सुनाही दाखवावयाच्या ठरवल्या, तर गंमत होते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. असे लग्न झाले की, आजोबांपासून निघालेल्या दोन फांद्या खाली पुन्हा एकत्र येतात. चक्र तयार होते. आणि जेथे चक्र आहे, तो शास्त्राच्या दृष्टीने वृक्ष राहत नाही! आजीला हे सांगितले तर ती हसेल.

संगणक आपली टिपणे ठेवतो तीही बहुधा वृक्षाच्या रूपाने. महाराष्ट्र राज्यात सहा विभाग, त्यांत छत्तीस जिल्हे, जिल्ह्यांत तालुके, तालुक्यांत गावे. पत्र लिहिताना आपण गाव, तालुका, जिल्हा असा पत्ता घालतो, तो ह्याच वृक्षातील पानापासून मुळाकडे जाणारा मार्ग असतो. संगणकात एका कप्प्यात दुसरा कप्पा, त्यात तिसरा आणि त्यात तुमचा निबंध असा क्रम असतो. यंत्र मुळापासून उतरत येते आणि नेमक्या पानाशी थांबते. ह्याचा लाभ असा की, थोड्या पायऱ्यांत पुष्कळ माल मावतो. प्रत्येक फाट्यावर दोन वाटा फुटत गेल्या, तर दहा पायऱ्या उतरल्यावर १,०२४ पाने होतात. मित्राने एक ते हजार यांमधील एक संख्या मनात धरली, तर 'ती पाचशेहून मोठी आहे का?' अशा अर्ध्याअर्ध्याने विचारलेल्या दहा प्रश्नांत ती ओळखता येते, ती ह्याच कारणाने.

संगणकाला चित्र दिसत नाही. मग आलेख त्याला कसा समजतो? त्याला यादी द्यावी लागते. पूर्णा : परभणी, नांदेड, हिंगोली. मुदखेड : नांदेड, भोकर, धर्माबाद. अशी प्रत्येक बिंदूसमोर शेजाऱ्यांची नावे आणि हवी असल्यास अंतरे. ह्या यादीवरून तो सर्वांत जवळची वाट शोधतो. ती शोधण्याची प्रसिद्ध रीत एड्सखर डाइक्स्ट्रा ह्या डच शास्त्रज्ञाची आहे. इ. स. १९५६ मध्ये तो आपल्या वाग्दत्त वधूबरोबर ॲमस्टरडॅममध्ये खरेदीस गेला होता. दोघे थकून कॉफी पिण्यास बसले असता, कागद-पेन्सिलीवाचून, वीस मिनिटांत त्याने ही रीत मनात जुळवली. ती छापली गेली १९५९ मध्ये.

आपण ती एका लहानशा उदाहरणावर चालवून पाहू. शाळेतून फाट्यावर जावयाचे आहे. शाळेपासून गावचा पार चार मिनिटांवर आणि मळा नऊ मिनिटांवर. पारापासून मळा तीन मिनिटांवर आणि फाटा दहा मिनिटांवर. मळ्यापासून फाटा दोन मिनिटांवर. प्रथम शाळेच्या शेजाऱ्यांपैकी जवळचा बिंदू निश्चित करावा : पार, चार मिनिटे. तेथे याहून लवकर पोहोचणे शक्य नाही, कारण दुसरी कोणतीही वाट आधी मळ्यावर नेते आणि तेथेच नऊ मिनिटे जातात. आता पारावरून पाहावे : मळा चार अधिक तीन म्हणजे सात मिनिटांत येतो, म्हणून आधीचे नऊ खोडावे. फाटा चौदा मिनिटांत येतो. उरलेल्यांत लहान आकडा मळ्याचा, तेव्हा सात मिनिटांना मळा निश्चित झाला. मळ्यावरून फाटा सात अधिक दोन म्हणजे नऊ मिनिटे, चौदा खोडावे. शाळा, पार, मळा, फाटा. एकूण नऊ मिनिटे. वाकडे जाऊनही ही वाट सर्वांत जवळची ठरली.

भ्रमणध्वनीवर आज जे नकाशे वाट दाखवतात, ते अशाच तऱ्हेच्या रीतींवर चालतात. फक्त त्यांच्या यादीत लक्षावधी बिंदू असतात. गेल्या पावसाळ्यात मी एका लग्नाहून जीपगाडीने परत येत होतो. चालकाच्या हातातील यंत्र एका आडवाटेने लवकर पोहोचाल असे सांगत होते. यंत्राच्या यादीत ती कड होती, तिचे अंतरही बरोबर होते. पण त्या वाटेवरच्या नाल्यास पाणी आले आहे, हे त्याला कोणी कळवलेले नव्हते. चालक जुना होता. त्याने फाट्यावर गाडी थांबवली आणि तेथे केळीचे घड उतरवीत असलेल्या एका बाईंना विचारले, "मावशी, पाणी उतरलं का?" बाईंनी मान हलवली, आणि आम्ही मोठ्या रस्त्याने वळसा घेऊन निघालो.